दाराबाहेरची खारू

घरून,
दि. ३ ऑगस्ट

चि. बबडीस,
आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. तू तुझ्या छावणीच्या शाळेतून पाठवलेली पोरगी सुखरूप पोचली. छावणीच्या गाडीनं कोपऱ्यावर सोडलं. ड्रायव्हरनं मला विचारलं, अंगठा देता की सही. मी म्हटलं, सही येते मला, दुसरी शिकलेय, तिसरीत आमच्या बाईच शाळा सोडून गेल्या म्हणून राहिलं. तो हसला. हसू दे, सही मात्र मी रेघेवरच केली.

तू चौदा वर्षांची लिहिलं होतंस, मला वाटलं ताडमाड असेल. ही तर चिमूटभर. खुर्चीवर बसते ती अर्ध्याच खुर्चीवर, मान इकडे वळव, तिकडे वळव, कधी उडी मारेल नेम नाही. म्हणून मी तिला खारू म्हणायला लागले. खरं नाव माझ्या जिभेला वळत नाही. मी दोनदा म्हणून बघितलं तर तिलाच हसू आलं, म्हणाली खारू चालेल. तुझी शिकवणी बरी झालीय गं, पोरगी आपली भाषा तुकड्या-तुकड्यानं बोलते पण सगळं कळतं. उशीखाली पावाचे तुकडे ठेवते. दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग लागली. मी रागावले नाही, झाकणाचा डबा आणून उशाशी ठेवला आणि म्हटलं, यात ठेव, मुंग्यांनी त्यांचं त्यांनी कमवून खावं.

आणि लोभ किती लावला म्हणून सांगू. मी जिना उतरले की ही मागे. काज-बटणं करून झालेले सदरे शिंप्याकडे पोचवायला निघाले की ही बरोबर. मोरीत गेले तर दाराबाहेर उभी. तुझा बाप म्हणतो, आई, तुला या वयात शेपूट फुटलं. मी म्हटलं, तुझं लग्न झाल्यापासून माझ्यामागे कुणी फिरलं नाही, फुटू दे की. खालच्या सायकलवाल्याच्या दुकानाशेजारी नळ आहे ना, तिथवरही एकटी जात नाही. माझी भांडी होईपर्यंत जिन्यात थांबते. जुन्या जन्मीचं काही देणं असेल बाई.

उद्या शाळेचा पहिला दिवस. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्य बाई भेटल्या. इस्त्री केल्यासारख्या आहेत, एक सुरकुती नाही. त्यांनी स्पष्ट सांगितलंय, जागा सहामाहीपर्यंत. रोज वर्गात बसली आणि सहामाहीत पास झाली तर जागा कायमची, नाहीतर ती जागा मागणारे बाहेर पुष्कळ आहेत. मी म्हटलं, बसेल हो, पोरगी हुशार आहे, माझ्या नातीनं निवडलीय. तुझा बाप तुला लिहीत नाही पण रोज विचारतो की बबडीचं पत्र आलं का. एवढ्या दूर लढाईच्या तोंडाशी जाऊन शिकवायला हिलाच बरी मिळाली छावणी, हेही रोज म्हणतो. जेवत जा. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आजी

छावणीतून,
दि. १० ऑगस्ट

ती. आजीस,
बबडीचा वाकून नमस्कार. वि. वि. तुझं पत्र वाचून इथे ताडपत्रीखाली बसून मी एकटीच हसत होते. मुलींनी विचारलं काय झालं, मी मुंग्यांचं वाक्य त्यांच्या भाषेत करून सांगितलं. ते त्यांना इतकं आवडलं की आता सगळ्या एकमेकींना तेच ऐकवतात.

आजी, थोडं सांगून ठेवते. दार जोरात आपटू नकोस. कुकरची शिट्टी होण्याआधी तिला सांग. आईबद्दल आपणहून विचारू नकोस. शोध चालू आहे एवढंच मला माहीत आहे आणि तिलाही. इथे तिची मावशी आहे, ती तिला सोडायला तयारच नव्हती. शेवटी एवढ्यावर आली की शाळेत जागा कायम झाली तर राहू दे, नाहीतर सहामाहीनंतर परत आण. परत म्हणजे इथे नाही. ही छावणी आणखी आत, डोंगरापलीकडे हलवणार असं ऐकते आहे. तिथे पाणी आहे म्हणतात, शाळेचं कुणी बोलत नाही. म्हणून माझा जीव त्या एका जागेत अडकला आहे. खारूचं झालं तर पुढच्या वेळी मी आणखी मुलींसाठी भांडू शकेन. नाही झालं तर लोक म्हणतील, बघा, यांना शाळा झेपत नाही.

एक गोष्ट. इथे तिची एक मैत्रीण होती, लांब वेणीची. मागच्या महिन्यात त्या मुलीचं घरच रातोरात ट्रकनं पुढे निघून गेलं, कुठे ते कळलं नाही. तेव्हापासून खारू फार बोलत नव्हती. निघताना मी तिला गाडीत बसवलं, हात हातात धरून म्हटलं, आता तुला आजी आहे. तेव्हा पहिल्यांदा तिनं मान हलवली. तुझा लोभ बघून मला मत्सर वाटतो असं समज.

बाबांना सांग, मी जेवते. तुझ्या मायेवर माझा हक्क पहिला, हे शेपटीलाही सांगून ठेव.
तुझी बबडी

घरून,
दि. १९ ऑगस्ट

चि. बबडीस,
आजीचे आशीर्वाद, पण आज जरा कोरडे. वि. वि. तुझी हुशार पोरगी वर्गात जात नाही.

नीट सांगते. सकाळी वेळेवर उठते, स्वतःची वेणी स्वतः घालते, माझ्या आधी जिन्यात. रस्ताभर माझा हात. शाळेच्या फाटकातून आत, व्हरांड्यातून वर्गापर्यंत सरळ. मी म्हणते जा, आणि मागे फिरते. आणि ही बाई दाराबाहेर उभी. बाकीच्या पोरी आत गेल्या, घंटा झाली, वर्गावरच्या बाई आत गेल्या, ही बाहेरच. बाईंनी गोडीनं बोलावलं, हात धरून बोलावलं, शेवटी आवाज चढवला. रडत नाही, उलट बोलत नाही, नुसती मान खाली. भिंतीला पोपडे धरावेत तशी धरून राहते. पहिल्या दिवशी मला वाटलं लाजली. दुसऱ्या दिवशी वाटलं भ्याली. आता दोन आठवडे उलटून गेले, आता माझ्या डोक्यात मुंग्या आल्यात, त्या डब्यातल्या नव्हेत.

मी काय नाही केलं ते विचार. नवे बूट घेतले. बूट घालून बाहेर उभी राहिली. पेन्सिलीची पेटी घेतली, तीही बाहेर. रागावले, तर रात्री जेवली नाही, मग मीही जेवले नाही, मग तुझा बाप म्हणाला दोघी उपाशी राहा, मला भूक आहे. गंमत म्हणजे अभ्यास सगळा करते. वही खिडकीच्या कट्ट्यावर ठेवते आणि फळ्यावरचं बाहेरून उतरवते. बाई म्हणाल्या, अक्षर आतल्या पोरींपेक्षा चांगलं आहे. मग मी म्हटलं, खिडकीतून पास करता येईल का. त्यांना हसू आलं पण मोठ्या बाईंना नाही आलं. मोठ्या बाई म्हणाल्या, आजीबाई, हजेरी आत बसलेल्यांची लागते, महिनाअखेरपर्यंत बघू.

बाहेर तिला सोबतीला एक टकळी असते. न्हाव्याची मुलगी, कोपऱ्यावर त्याचं दुकान आहे आणि वर घर. पोरगी सतत बोलते म्हणून बाई तिला रोज एकदा तरी वर्गाबाहेर काढतात. बाहेर येऊनही बोलणं बंद नाही, फक्त आता खारूशी. खारूला निम्मं कळत नसेल. ते बरंच आहे, मला सगळं कळतं आणि मी दमते.

बबडे, तू तिला काय शिकवलंस तिथे. तूच काहीतरी सांग. पत्र पोचायला आठवडा लागतो आणि इथे रोजचा दिवस मोजून चाललाय. रागावले तरी आजी तुझीच.
आजी

छावणीतून,
दि. २७ ऑगस्ट

ती. आजीस, नमस्कार. वि. वि. घाईत लिहिते. तिला खिडकीजवळ बसवायला सांग. दार उघडं ठेवायला सांग. पाठ दाराकडे नको. बंद खोलीत अडकण्याची भीती असणार, इथल्या बऱ्याच मुलींना आहे. बाईंना म्हणावं, बाहेर पडायची वाट तिला रोज एकदा दाखवा.

छावणी हलणार हे नक्की झालं, तारीख नाही. तंबूंवर खडूनं खुणा करून गेलेत. मावशी रोज येऊन विचारते, पोरगी बसली का वर्गात. मी हो म्हणते. आजी, मी खोटं बोलते आहे आणि ते खोटं तू खरं करायचं आहेस. मला झोप लागत नाही. आशीर्वाद थोडे ओले पाठव.
बबडी

घरून,
दि. ४ सप्टेंबर

चि. बबडीस,
या वेळचे आशीर्वाद ओले, चिंब. वि. वि. आधी आनंदाची बातमी, पोरगी वर्गात बसली. आता दुसरी बातमी, मीही बसले.

झालं असं. तुझं पत्र यायच्या आधीच झालं, म्हणजे तुझ्या खिडकीचा काही उपयोग झाला नाही, राग मानू नकोस. त्या दिवशी माझा गुडघा धरला होता. व्हरांड्यात मी भिंतीला टेकून उभी राहिले. वर्गावरच्या बाई भल्या आहेत, त्या म्हणाल्या, आजी, आत येऊन मागच्या बाकावर जरा टेका. मी गेले. बसते न बसते तोच बघते तर खारू माझ्या शेजारी. वही काढली, पेन्सिल काढली, फळ्याकडे बघतेय, जशी जन्मभर तिथेच बसत होती. सगळा वर्ग मागे वळला. बाईंच्या हातातला खडू हातातच. मला वाटलं, झालं, सुटले, आणि मी हळूच उठले. तर ही पण उठली. मी बसले, ही बसली. टकळी मोठ्यांदा म्हणाली की दोघींना एकच किल्ली दिलीय. तिला लगेच बाहेर काढलं.

तेव्हापासून मी रोज जाते. बाईंनी मोठ्या बाईंना विचारलं नाही, म्हणाल्या विचारलं तर नाही म्हणतील. मी सदऱ्यांची पिशवी घेऊन बसते, काजं होतात, बटणं होतात, कानावर इतिहास पडतो. एका राजानं दुसऱ्या राजाचा मुलूख घेतला, मग तिसऱ्यानं त्याचा घेतला. मी बाईंना विचारलं की मधल्या लोकांचं काय झालं. त्या म्हणाल्या, ते धड्यात नाही. खारूनं माझ्याकडे बघितलं आणि परत वहीत डोकं घातलं. मी पुढे काही विचारलं नाही. तुझा बाप म्हणतो, आता मॅट्रिकच करून टाक, माझ्या बसडेपोत चिकटवून देतो.

पण चैन पडेना. रविवारी तिला जवळ घेऊन विचारलं, मी आत आले की तू आत येतेस, मी बाहेर तर तू बाहेर, हे काय आहे. ती गोंधळली, जणू मी विचारलं की माणसं पायानं का चालतात. मग सांगितलं. जोडी. ताईबाई, म्हणजे तूच, म्हणतात, कुठेही एकटीनं जायचं नाही, नळावर नाही, शौचाला नाही, वर्गात नाही. जोडीदारीण आली नाही तर दारात थांबायचं. आणि जोडी ताईबाई लावून देतात, हातात हात देऊन. पहिली जोडीदारीण लांब वेणीची होती. ती गेल्यावर जोडी नव्हती. मग गाडीत बसवताना ताईबाईंनी सांगितलं, आता तुला आजी आहे.

बघ आता. मी म्हणत होते लोभ, तू म्हणत होतीस भीती, आणि पोरगी तुझा नियम पाळत होती. मास्तरणीचं ऐकणारी एवढी एकच निघाली आणि तिलाच आपण हट्टी म्हटलं. मला थोडं वाईट वाटलं की ती माझ्यामागे मायेनं फिरत नव्हती. पण आता काय, सवयीनं का होईना फिरते.

बबडे, परीक्षेच्या खोलीत मला कुणी बसू देणार नाही. तूच लावलेली गाठ, तूच सोड. दोन ओळी लिही की नियम संपला, मी तिला वाचून दाखवते. माया इथे भरपूर आहे, लागेल तेवढी मागव.
तुझी आजी

छावणीतून,
दि. १२ सप्टेंबर

ती. आजीस,
बबडीचा नमस्कार. वि. वि. तुझं पत्र वाचलं आणि बराच वेळ वर्ग तसाच सोडून बाहेर जाऊन उभी राहिले. मी तुला खिडक्या आणि दारं सांगत बसले. माझा नियम मलाच ओळखू आला नाही.

तो का केला ते तुला कधी सांगितलं नव्हतं. पहिल्या उन्हाळ्यात एक मुलगी पाणी आणायला एकटी गेली. हंडा सापडला. एवढंच सांगते. त्या दिवसापासून जोडी. रोज सकाळी मुली हात धरून माझ्यासमोर उभ्या राहतात, मी प्रत्येकीला विचारते तुझी कोण, आणि ती नाव सांगते. खारूसुद्धा सांगायची. लांब वेणीची गेल्यावर ती रांगेत एकटी उभी राहायची आणि मी तिला दुसरी जोडी दिलीच नाही. मला वाटायचं, दिली तर ती गेली हे मी कबूल केल्यासारखं होईल.

तू म्हणतेस तशा दोन ओळी लिहिल्या आणि फाडल्या. इथे बाकीच्या मुलींकडून सकाळी नियम म्हणवून घ्यायचा आणि संध्याकाळी तिला लिहायचं की संपला, हे माझ्या हातून होत नाही. शिवाय कागदावरून ती ऐकणार नाही. जोडी मी हात देऊन लावते, तशीच हात धरून सोडवीन. मी येते. सहामाहीच्या आदल्या दिवशी पोचते, रजेचं बोलले आहे. तोवर तू तेवढी बाकावर बस. गुडघ्याला तेल लाव. तुझ्या ओंजळीतलं माझं राखून ठेव.
बबडी

घरून,
दि. २५ सप्टेंबर

चि. बबडीस,
आजीचे आशीर्वाद. वि. वि. तू येणार म्हणून तुझ्या बापानं पंखा दुरुस्त केला. दोन वर्षं मी सांगत होते तेव्हा त्याला वेळ नव्हता.

इकडे माझी चोरी पकडली गेली. मोठ्या बाई अचानक वर्गात आल्या. फळ्यावर अपूर्णांक होता आणि मी नेमकी त्याच वेळी हात वर केला होता, कारण मला उत्तर येत होतं. निम्म्याचं निम्मं म्हणजे पाव, हे मला न शिकता येतं, जन्मभर कापड कापलंय. मोठ्या बाईंनी मला व्हरांड्यात बोलावलं. मी सगळं सांगितलं, तुझा नियम, हंड्याचं सुद्धा. त्या बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, परीक्षेपर्यंत बसा आजीबाई, पण परीक्षेच्या खोलीत नाही. तिथे तुम्ही बसलात तर तिचे गुण कुणी खरे मानणार नाही, आणि तेच तिच्या वाईटाचं. पेपर सुरू झाल्यावर अर्ध्या तासानं दार बंद, त्यानंतर माझी आई आली तरी आत घेत नाही. बाई कडक आहेत पण बोलतात ते खोटं नाही.

घरी अभ्यास जोरात. आता टकळीही रोज येते. तिला गणित येत नाही, खारूला येतं. खारूला बोलणं येत नाही, टकळीला तेवढंच येतं. दोघी जिन्याच्या पायऱ्यांवर बसतात. खारू पायऱ्यांवरच तिला बेरीज-वजाबाकी चढवते उतरवते, आणि खालून सायकलवाला ओरडतो की माझी गिऱ्हाइकं अडतात. परवा खारू टकळीला म्हणाली, तू मूर्ख आहेस. इतकं स्वच्छ बोलली की मी आतून ऐकून खूश झाले. टकळीला काहीच वाटलं नाही, म्हणाली, हे मला माझे बाबाही सांगतात.

परीक्षा सहा तारखेला, पहिला पेपर गणिताचा. तू ये. मी आता दिवस मोजत बसलेय. रात्री उठून दार बघते, कडी लावलीय का काढलीय, मलाच कळत नाही काय बघते. दोन घास माझ्या हातचे खाशील म्हणून तोंडाला पाणी तुझ्या नाही, माझ्याच सुटतं.
तुझी आजी

छावणीतून,
दि. १ ऑक्टोबर

ती. आजीस, नमस्कार. वि. वि. रस्ता बंद केला. छावणी उद्या पहाटे हलते, मुलींना सोडून मी निघू शकत नाही. निघता आलं असतं तरी वाट नाही. सोबत खारूला चिठ्ठी लिहिली आहे, तिच्याच भाषेत. नियम मी काढून घेतला असं त्यात आहे. घाईत लिहिली, अक्षर वाईट आहे. वेळेत पोचावी एवढंच मागते. पोचली नाही तर, आजी, मला सुचत नाही. मावशी समोर बसली आहे आणि सामान बांधते आहे. तुझी माया तिला वाटून दे.
बबडी

घरून,
दि. ९ ऑक्टोबर

चि. बबडीस,
आजीचे आशीर्वाद. वि. वि. तुझी चिठ्ठी परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी आली. म्हणजे सहाला ती नव्हती आणि तूही नव्हतीस. आदल्या दिवशी शेवटची बस येईपर्यंत तुझा बाप डेपोत उभा होता. जिन्यात त्याच्या एकट्याचीच पावलं वाजली, तेव्हाच मला कळलं.

सकाळी आम्ही दोघी निघालो. मी तिला सांगितलं, ताईबाईंना यायला जमलं नाही. तिनं मान हलवली. परीक्षेच्या खोलीपर्यंत गेलो. मोठ्या बाई दारात. मी तिचा हात दाबला, म्हटलं, बाळा, जा, मी इथेच बाहेर आहे, भिंतीपलीकडे, तुला माझा खोकला ऐकू येईल. तिनं आत पाऊल टाकलं नाही. फाटकाकडे बघत राहिली. मला वाटलं, तुझीच वाट बघतेय. मी म्हटलं, ताईबाई नाही येत गं. तरी बघतेय. घंटा झाली. आत पेपर वाटले, कागदांची सळसळ बाहेर ऐकू आली. मी विनवलं, मग रागावले, मग काय काय बोलले ते लिहीत नाही. मोठ्या बाई घड्याळाकडे बघत होत्या.

आणि एकदम तिनं माझा हात सोडला. फिरली आणि चालू लागली. व्हरांड्यातून, अंगणातून, फाटकाबाहेर. एकटी. मी हाका मारल्या, वळली नाही. बबडे, जी पोरगी नळावर एकटी जात नव्हती ती त्या रहदारीच्या रस्त्यावर एकटी, आणि माझा गुडघा असला. मी फाटकापर्यंत पोचले तोवर दिसेनाशी झाली. माझ्या मनात आलं, गेली. बस पकडून मावशीकडे चालली, आता ना शाळा ना छावणी. शाळेच्या शिपायाला डेपोत तुझ्या बापाकडे धाडलं. तो दुरुस्तीच्या बसखालून निघाला तो पाना हातात घेऊनच प्रत्येक बसमध्ये डोकावत फिरला, लोकांना वाटलं आज तिकीट तपासनीस मारायलाच निघालाय. मी फाटकात उभी, एकदा रस्त्याकडे बघते, एकदा आतल्या बंद होणाऱ्या दाराकडे.

तर समोरून दोघी. खारू पुढे, टकळीचं मनगट घट्ट धरून ओढत आणतेय. टकळीचे केस विस्कटलेले, पायात बापाच्या चपला, रडून रडून तोंड सुजलेलं आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प. गणिताला घाबरून तिनं पोटदुखीचं सोंग केलं होतं आणि अंथरुणात तोंड लपवून पडली होती. खारू थेट न्हाव्याच्या दुकानातून वर गेली. न्हावी सांगत होता, गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस तसाच आणि ही परकी पोर न विचारता माझ्या घरात शिरली. वर जाऊन तिनं एवढंच म्हटलं, ऊठ, मी दारात उभी आहे. टकळी म्हणाली, तू जा, मी नापासच होणार. खारू म्हणाली, मग आपण दोघी बाहेर. आणि बसली तिच्या गादीवर. मग टकळी उठली.

मला कुणी सांगितलंच नव्हतं की या दोघींचं ठरलंय. परीक्षेला आत जाताना जोडीनं जायचं, हे आधीच ठरलेलं. मी म्हातारी, मला वाटतं सगळं माझ्या डोळ्यांदेखत होतं.

धापा टाकत दारात पोचल्या. मोठ्या बाईंनी घड्याळ बघितलं, दोघींना बघितलं, टकळीच्या पायातल्या चपला बघितल्या. म्हणाल्या, गेलेला वेळ परत मिळणार नाही. आणि बाजूला झाल्या. खारूनं मागे वळून माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी तिथेच व्हरांड्यात जमिनीवर बसले आणि गुडघा चोळत राहिले.

निकाल लागायचाय. तुझी चिठ्ठी मी तिला दिलेली नाही. दुसऱ्याच्या नावची चिठ्ठी ठेवून घेऊ नये हे मला कळतं, पण तू काढून घेतेयस ते आता द्यावं की नाही, ते तू सांग. तुम्ही सगळ्या पोचलात का ते एका ओळीत कळव, नाहीतर मी त्या डोंगरापलीकडे चालत येईन, गुडघ्यासकट.
तुझी आजी

नव्या जागेहून,
दि. १७ ऑक्टोबर

ती. आजीस, नमस्कार. वि. वि. पोचलो, सगळ्या पोचल्या. रांगेत उभ्या करून विचारलं, प्रत्येकीनं नाव सांगितलं. तुझं पत्र मागच्या गाडीनं आलं. मावशीला वाचून दाखवलं. तिनं त्या गादीच्या ओळीपाशी मला थांबवलं आणि परत वाच म्हणाली.

चिठ्ठी फाडून टाक. निकाल कळव. मला अजून इथे फळासुद्धा मिळालेला नाही आणि मी रोज वाट पाहते तुझ्या पत्राची, बाकी कशाचीच नाही. जवळ असू दे मला.
बबडी

घरून,
दि. २४ ऑक्टोबर

चि. बबडीस,
आजीचे या खेपेचे आशीर्वाद तुला, मावशीला आणि रांगेतल्या सगळ्यांना, पुरतील तितके. वि. वि. पास झाली. जागा कायम. आधी हे मावशीला सांग आणि मग पुढचं वाच.

गणित सोडून बाकीचे पेपर ती टकळीबरोबर वेळेवर गेली, त्यामुळे त्यात चांगलं झालं. गणितात वेळ कमी पडला, शेवटची उदाहरणं राहिली, तरी निघाली. टकळी गणितात काठावर सुटली. बाई म्हणाल्या, काठ आहे हे खरं, पण पाण्याबाहेरचा काठ आहे. न्हाव्यानं तुझ्या बापाची दाढी फुकट केली.

आता सकाळी दोघी जातात. मी पहिल्या दिवशी सवयीनं चपला घातल्या आणि पिशवी घेऊन जिन्यात आले, तर खारू म्हणाली, आजी, गुडघा दुखतो, तू बस. मी बसले. काजं होतात पण इतिहास ऐकू येत नाही. त्या तिसऱ्या राजाचं पुढे काय झालं ते संध्याकाळी मला सांगावं लागतं, नाहीतर मी जेवायला वाढत नाही. पोरगी अजून मोरीच्या दाराशी उभी राहते कधी कधी. मी विचारलं, आता कशाला, तर म्हणाली, बोलायला.

काल मोठ्या बाईंनी मला बोलावलं. मला वाटलं काय चुकलं. त्यांनी खुर्ची दिली. म्हणाल्या, तुमच्या नातीला लिहा, पुढच्या वर्षी आणखी जागा देते. मी म्हटलं किती. म्हणाल्या एक. मग मी त्यांना समजावलं, अपूर्णांकासारखं. बबडे, मी खूप विचार केलाय यावर, काजं करताना दुसरं काय करते. तुझा नियम चुकीचा नव्हता. तू हुशार शोधलीस, मी घर दिलं, बाईंनी जागा दिली, आणि आपण तिघींनी मिळून एकीलाच पाठवलं. चूक तिथे झाली. टकळी भेटली म्हणून निभावलं. प्रत्येक व्हरांड्यात टकळी असेलच असं नाही, मोठ्या बाईंच्या शाळेत तर एकच आहे आणि ती पुरे आहे असं त्याच म्हणाल्या.

त्यांनी चष्मा पुसला. मग कागद पुढे ओढून एकाच्या जागी दोन लिहिलं.

तुझा बाप मधली खोली रिकामी करतोय. म्हणतो, माझी झोपायची सोय काय. मी म्हटलं, डेपोत बस पुष्कळ आहेत. तेव्हा बबडे, कोण ते तू ठरव, हुशार पाठव, नाहीतर बडबडी पाठव, मला दोन्ही चालतील. पण पाठवशील तर दोघी पाठव, आणि एका वेळी, एका गाडीनं. हात तूच हातात दे. इथे उतरवून घ्यायला मी आहे आणि आता खारूही आहे. माया कमी पडणार नाही, घागर अजून भरलेलीच आहे.
तुझी आजी